बारा ते चारची पाळी

१

सन दोन हजार चोवीस, वैशाख वद्य. रोहिणी लागून दोन दिवस झाले होते, तरी वणीच्या आभाळात बोटभर ढग नव्हता. पारा शेहेचाळीसवर. सकाळी अकराच्या पुढं तांड्यात कुत्रंही बाहेर दिसत नव्हतं.

रामलाल चव्हाण बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत. वणीच्या वेशीवरच्या सरकीच्या तेल गिरणीत त्यानं चौतीस वर्षं बॉयलरला कोळसा घातला. गिरणी बंद पडली, बॉयलर भंगारात गेला, पोरगा लखन कोळशाचा ट्रक चालवू लागला. हातानं आग घालणारा माणूस आता साऱ्या तांड्यात रामलाल एकटाच उरला होता.

दोन गोष्टींचा त्याला गर्व होता आणि तो लपवत नसे. पहिली, बदली आल्याशिवाय त्यानं कधी आग सोडली नाही. बदलीचा माणूस येऊन फावड्याला हात लावेपर्यंत जुन्या माणसानं जागचं हलायचं नाही, हा भट्टीचा कायदा. दुसरी, त्याच्या घरावर कोणाचा दिवस नव्हता. तांड्यात निंदणाला, वेचणीला माणसं एकमेकांच्या वावरात उसनी जातात. आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. दिवसाची फेड दिवसानंच होते, पैशानं होत नाही. बाप फेडायचा राहिला तर पोरगा जातो, पोरगा राहिला तर नातू.

त्याचं दुपारचं ठरलेलं असे. साडेअकराला भाकर. पावणेबाराला पितळी तांब्या भरून घेऊन तो मागच्या खोलीत जाई. ती खोली त्याच्या आजानं, थावरानं बांधलेली. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, एक दार, खिडकी नाही. घरात तेवढीच एक गार जागा. चार वाजेपर्यंत पडून राहायचं, मग चहा.

त्या दिवशी तो पडला आणि पाणी प्यायला तांब्याकडं हात नेला. हात तिथंच थांबला.

तांब्यातलं पाणी तिरपं होतं.

भिंतीकडच्या बाजूला ते काठाला लागलं होतं. दाराकडच्या बाजूला दोन बोटं खाली होतं. तांब्या सरळ उभा होता. रामलालनं तो उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. तसंच. तांब्या गोल फिरवला. तांब्या फिरला, पाणी भिंतीकडंच उंच राहिलं.

खाणीत सुरुंग लागला की तांड्यातली भांडी वाजतात, पाण्यावर कडी उठतात. ते तो पोरपणापासून पाहत आला होता. हे तसं नव्हतं. पाणी थरथरत नव्हतं. तो पाहत असतानाच ते भिंतीकडून हळूहळू उतरलं, मध्ये आलं आणि दाराकडच्या काठाला चढलं. तिथं थोडं थांबलं. मग परत निघालं.

त्यानं तांब्या ओसरीत नेला. ओसरीत पाणी सपाट होतं. तो ते सगळं प्याला आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गवंड्याकडची पाण्याची नळी मागून आणली. दोन्ही टोकांना पाणी सारखं उभं राहिलं की जमीन सपाट, एवढं कोणालाही कळतं. त्यानं खोलीचे चारही कोपरे मोजले.

रुपीबाई, त्याची बायको, दारात तांदूळ निवडत होती. "नोकरी लागली का गवंड्याकडं?"

"फरशी पाहून राह्यलो."

"पन्नास वर्सं झाली मले या घरात येऊन. फरशी आजच काहून दिसली तुमाले?"

फरशी सुतात होती. कुठंच केसाइतकाही उतार नव्हता.

बारा वाजता त्यानं नळी परत धरली. दोन्ही टोकं दोन हातांत, छातीसमोर. थोडा वेळ काही झालं नाही. मग उजव्या हातातलं पाणी चढू लागलं आणि डाव्या हातातलं उतरू लागलं. चार बोटं वर गेलं. थांबलं. मग डावीकडं. त्याचे हात स्थिर होते. त्यानं श्वास धरून ठेवला तरी पाणी येत-जात राहिलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षच झालं होतं. उन्हानं डोळे दुखतात. बहात्तर वर्षांचा माणूस भर वैशाखात काय वाटेल ते पाहील, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पटलंही. तेवढ्यात आवाज आला.

लोखंडावर लोखंड खरवडलं. मग धप्. परत खरवड, परत धप्. मग दार आपटल्याचा आवाज.

भिंतीच्या पलीकडं बाभळीचं झाड होतं आणि त्यापुढं मोकळं रान. आवाज तिकडून नव्हता. खालून होता.

दुसरं कोणी असतं तर त्याला हा कसला आवाज हे कळलं नसतं. रामलालनं चौतीस वर्षं दुसरं काही ऐकलं नव्हतं. दोन फावडी डाव्या अंगाला, दोन उजव्या, एक मागं, मग दार बंद. कोणीतरी भट्टीला कोळसा घालत होता.

तो उठून बसला. कान देऊन ऐकू लागला, आणि भ्यायच्या आधी त्याला राग आला. आग नीट घातली जात नव्हती. फावडं अर्धवट भरत होतं. दोन फावड्यांच्या मध्ये नको तेवढा वेळ जात होता. दार उघडं राहत होतं. आत खंगर, वितळून दगड झालेली राख, साचला असणार, तो काढायची या माणसाला ताकद नव्हती.

हा माणूस शिकाऊ नव्हता. हात जुना होता. रामलालनं तास-दीड तास ऐकलं आणि मग त्याला समजलं. हा थकलेला होता. एका पाळीत माणूस इतका थकत नाही. या माणसाला कोणी सोडवायलाच आलं नव्हतं.

चार वाजायच्या थोडं आधी आवाज एकदम तुटला. तांब्यातलं पाणी सपाट झालं.

चहा पिताना रुपीबाई म्हणाली, "तोंड कायले असं केलं? साखर कमी झाली का?"

"नाही," तो म्हणाला.

३

रविवारी सकाळी वणीहून जहीर आला. जहीरचं गॅरेज होतं, लखनचा ट्रक त्याच्याकडंच दुरुस्तीला जाई. बरोबर त्याची मुलगी नाजिया होती. वणीत कॉम्प्युटरवर लोकांचे दाखले काढून देण्याचं काम ती करत असे. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच कागद होते.

"रामलालकाका, एक गंमत दाखवतो तुमाले," जहीर म्हणाला. "तुमच्या आजोबाची मयत दोन वेळा झाली."

"मस्करी कर, पण बसून कर. रुपे, चहा ठेव."

नाजियानं कागद काढले. जहीरची आई हुस्नाबी शहाऐंशी वर्षांची. ती चार वर्षांची असताना तिचा बाप शेख गफूर जहाजावर गेला आणि परत आला नाही. त्या जहाजाचा शोध नाजियानं आजीसाठी घेतला होता. इंग्रजीतलं सगळं तिनं मराठीत लिहून आणलं होतं.

"वाचू का?"

"वाच."

ती शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली. जहाजाचं नाव ऑल्डरविक. मालवाहू आगबोट, कोळशावर चालणारी. एकोणीसशे तेरा साली ग्लासगोला बांधली. लांबी चारशे फूट, बॉयलर दोन. पहिल्या लढाईत तिनं खेचरं आणि गवत वाहिलं. एकवीस साली एका नदीच्या तोंडाशी गाळात रुतली, अकरा दिवसांनी निघाली. एकतीस ते तेहेतीस काम नाही म्हणून नुसती उभी. मग मालक बदलला. छत्तीसपासून मुंबई ते आफ्रिका. जाताना कापसाच्या गाठी, सरकी, मँगनीज. येताना कोळसा. दुसऱ्या लढाईत तीन वेळा ताफ्याबरोबर गेली आणि तिन्ही वेळा सुखरूप आली.

"वणीच्या गाठी जायच्या तिच्यात," रामलाल मध्येच म्हणाला. "आजा गाठींसंगं मुंबईले गेला. गाठी जहाजात चढल्या, तर हाही चढला. आमच्या लोकायचं तसंच. माल जाईल तिथवर माणूस जाते."

"आणि माहे नानाही त्याच्यासंगं," जहीर म्हणाला. "दोघं एकाच दिवशी भरती झाले. आगवाले म्हणून."

नाजिया पुढं वाचू लागली. बेचाळीस सालचा नोव्हेंबर. मुंबईहून निघाली ती एकटीच, ताफा नव्हता. चौदा तारखेला, आफ्रिकेचा किनारा दोनशे मैल राहिला असताना, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी पाणबुडीनं तिच्या पोटात पाणतीर मारला. बारा मिनिटांत जहाज बुडालं. वरची माणसं दोन होड्यांत उतरली. खाली भट्टीवर जी पाळी होती, तिच्यातलं कोणीही वर आलं नाही.

"कोणती पाळी?" रामलालनं विचारलं.

"बारा ते चारची."

रुपीबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती तिथंच थांबली.

"आता नावं ऐका," नाजिया म्हणाली. "मेलेल्यांत, थावरा हेमला, आगवाला, वणी. वाचलेल्यांत, शेख गफूर, आगवाला, वणी. मोंबासाला उतरला. पुढं नोंद नाही."

मग जहीर हसला, पण त्याच्या हसण्यात जोर नव्हता. "थावराबाबा तर तुमच्या या घरात मेले ना, काका?"

"अडुसष्ट साली. म्या खांदा दिला."

"मग?"

"कागदाची चूक असंल. मले दरसाली बँकेत जाऊन जिता हाओ म्हणून अंगठा द्या लागते. नाही दिला तर मी बी मेलो."

नाजियानं कागद गुडघ्यावर ठेवले. "दादाजी, आजीचं आता काही खरं नाही. तिला एवढंच पाहिजे. सगळे म्हणत, गफूर वाचला आणि तिकडंच बायको करून राहिला. आजीची अम्मी थावराबाबांकडं आली होती विचारायला, याच ओसरीत. ते म्हणाले, मला माहीत नाही. तुम्हाला काही बोलले होते का ते?"

रामलालनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"मले माहीत नाही," तो म्हणाला.

४

त्याला माहीत होतं. अर्धं माहीत होतं.

अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात थावरा मरायला टेकला, तेव्हा रामलाल सोळा वर्षांचा. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं होतं. "गफूरची एक पाळी माह्यावर हाये. मी ताप म्हणालो, तर माह्या जागी तो गेला. बारा ते चारची. तुह्या बापाले हे जमणार नाही, त्याले फावडं धरता येत नाही. तू शीक. तू फेडजो." रामलालला वाटलं, तापात बरळतो. सारेच तसं म्हणाले. पण पुढं गिरणीत भरती निघाली तेव्हा आपण मोजणीचं काम सोडून बॉयलरकडं का गेलो, हे त्याला कधी सांगता आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आता आठवली. म्हातारा रोज बाराच्या सुमारास या खोलीच्या दारात येऊन उभा राही. आत जात नसे. चौकटीला हात धरून आपल्या गोर बोलीत म्हणे, "आवूछू, आवूछू." येतो, येतो. पोरं हसत. आत तर कोणी नसायचंच.

जहीर आणि नाजिया गेल्यावर बारा वाजले. रामलाल खोलीत गेला नाही. ओसरीत खाटेवर बसला. आवाज ओसरीपर्यंत आला.

खरवड. मग बराच वेळ काही नाही. मग धप्.

"ऐकू येते का तुले?" त्यानं विचारलं.

रुपीबाई हातातली वात वळत होती. "काय?"

"काही नाही."

ती वात वळत राहिली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "येते. लग्न होऊन आली तवापासून येते. सासूले विचारलं तर ती म्हणाली, विचारू नको. मी विचारलं नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी दुपारी गिरणीत राहत. घरी राहू लागले तर दुपारभर घोरत. मले वाटलं, माणसाले ऐकू येत नसंल." तिनं वात तबकात ठेवली. "पण पयले असं नव्हतं. पयले दमानं, बरोबर चाले. या उन्हाळ्यापासून तो पडून राह्यला."

रामलालनंही तेच ऐकलं होतं. फावडं हातातून सुटल्याचा आवाज. लोखंडावर पडलेलं लोखंड. आणि मग, किती वेळानं कोण जाणे, ते परत उचलल्याचा.

तीन चाळीसला तांड्यातली सगळी भांडी एकदा वाजली. शेजारचा मारोतराव भिंतीपलीकडून ओरडला, "आज रविवार, तरी सुरुंग लावला सायाच्यानं!"

रविवारी खाणीत सुरुंग लावत नाहीत, हे मारोतरावाला माहीत होतं. खाणीतच त्याची नोकरी झाली होती.

५

सोमवारी सकाळी आठ वाजता रामलाल वणीला हुस्नाबीच्या दारात उभा राहिला. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी. जहीर गॅरेजवर गेला होता. नाजियानं त्याला आत नेलं.

हुस्नाबी खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे अंधुक झाले होते, आवाज मात्र करकरीत. "कोण हाये?"

"रामलाल. थावराचा नातू."

"बस. ऊन चढायच्या आंधी आला म्हंजे कामाचंच बोलशील."

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला. सबंध आयुष्यात तो एका दमात इतकं बोलला नव्हता.

"आपा, तुमचे अब्बा बायको करून राह्यले नाही. ते त्याच दिवशी मेले. पाळी माह्या आजाची होती. आजा म्हणाला ताप हाये. ताप असंल, नाही तर भेव असंल, मले ठाव नाही. तुमचे अब्बा म्हणाले, आज मी जातो, उद्या माह्या पाळीवर तू जाय. ते खाली गेले. होडीतल्या लोकायले दुसऱ्या जहाजानं उचललं, नावं विचारली. आजानं आपलं नाव सांगितलं असतं तर पुसलं असतं, पाळी तुही, तू वर काय करत होता? लढाईचे दिवस. गोळी घालतीन असं वाटलं त्याले. त्यानं गफूर सांगितलं. ते कागदावर गेलं. मग मागं घेता आलं नाही."

"हे तुले तो सांगून गेला?"

"ताप म्हणालो अन् पाळी राह्यली, एवढंच सांगितलं. बाकीचं काल कागदावरून ताडलं. पोरीनं विचारलं तवा मी खोटं बोललो."

नाजिया दाराशी भिंतीला टेकून उभी होती. ती हलली नाही.

हुस्नाबी उशीवरून थोडी पुढं झाली. मग म्हणाली, "बाजारात बाया अम्मीले विचारत, तुह्या सवतीचं नाव काय, गोरी हाये का काळी. अम्मी काही बोलत नसे. मरेपर्यंत तिनं बांगड्या उतरवल्या नाही. लोक त्यालेही हसत."

"तीन एकर वावर हाये माह्यापाशी," रामलाल म्हणाला. "सांगा, काय लिहून देऊ."

"वावर!" म्हातारीनं तोंड वाकडं केलं. "तुमच्या तांड्याशेजारी जन्म गेला माहा. रीत मले ठाव नाही का? वेचणीच्या दिवसाले कोणी वावर देते?"

रामलालची मान खाली गेली. असं त्याला कोणी बोललं नव्हतं, आणि बोललेलं खरं होतं.

"पाळी कधीची?" तिनं विचारलं.

"बारा ते चार."

"मग कोणी सोडवाले गेलं नाही तर ते तिथंच उभे असतीन." भाकर तव्यावर आहे म्हणावं तसं ती ते म्हणाली. रामलालनं आवाजाचं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. "माहा बाप काम टाकून येणारा नव्हता. जाय. बदली दे त्याले."

६

तांड्यात परत यायला साडेअकरा झाले. रुपीबाईनं भाकर वाढली. त्यानं अर्धीच खाल्ली. भरल्या पोटी आगीपुढं उभं राहत नाहीत.

"तीन चाळीसले काय होते ते त्या पोरीनं वाचलं," ती म्हणाली. "मी दारातच होती."

"हो."

"जाऊ नका."

"घरावर दिवस ठेवून मरू? मग लखन जाईल का? त्याले फावडं उलटं का सुलटं समजत नाही."

"तुमचा आजा नाही गेला."

"म्हणूनच तर."

तिनं ताट उचललं. ताट वाजलं. "कडी लावू नका आतून."

"नाही लावत."

त्यानं डोक्याला दुपट्टा बांधला, सदरा काढला आणि खोलीत गेला. दार ओढून घेतलं.

अंधार. फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर पडली होती. ती रेघ स्थिर नव्हती. एका बाजूला सरकत होती, मग दुसऱ्या. बाहेरच्या उकाड्याची त्याला सवय होती. ही ऊब निराळी. पायाखालून येणारी, तेलाच्या आणि ओल्या राखेच्या वासाची. अजून फिरता येईल, असं त्याच्या मनात आलं. हे सारं डोक्यातलं असेल तर बाहेर जाऊन पाणी प्यावं आणि पडावं. आणि डोक्यातलं नसेल तर बाहेर जाऊन काय करावं?

खरवड झाली. त्याच्यापासून दोन हातांवर.

"बदली आली," रामलाल म्हणाला. चौतीस वर्षं तो हेच शब्द बोलत आला होता.

आवाज थांबला.

भट्टीचं दार उघडं होतं. आग खाली बसलेली, तांबडी. तिच्या उजेडात एक पाठ दिसली. तिची हाडं मोजता आली असती. पाठ वळू लागली. तोंड पाहायचं नाही असं रामलालनं येतानाच ठरवलं होतं, आणि त्यानं पाहिलं नाही. त्यानं नजर फावड्यावर ठेवली. फावड्याचा दांडा झिजून बोटाएवढा झाला होता. त्यावरचा हात पांढरा होता. धोब्याचा हात दिवसभर पाण्यात राहून होतो तसा, पण त्याहून कितीतरी जास्त.

रामलालनं दांड्याला हात लावला. तो पांढरा हात लगेच सुटला नाही. थोडा वेळ दोघांनी फावडं धरलेलं होतं. मग सुटला.

त्याच्या शेजारून काहीतरी ओलं गेलं. लोखंडी शिडीवर पाऊल पडलं. खोलीचं छप्पर नऊ फुटांवर होतं. पावलं चढत गेली. नऊ फूट झाले, वीस झाले, पावलं चढतच राहिली. मध्ये थांबली, दम खाल्ला, परत चढली. मग फार वर एक झाकण उघडलं आणि बंद झालं.

रामलाल आगीकडं वळला.

आगीचे हाल झाले होते. अर्ध्या जाळीवर खंगर चिकटला होता. त्यानं सळई शोधली, ती बरोबर जिथं असायला पाहिजे तिथं होती. खंगर फोडला, ओढून काढला, राख मोकळी केली. मग कोळसा घातला. दोन डावीकडं, दोन उजवीकडं, एक मागं, दार बंद. खांदा दुखू लागला. मग दुखायचा थांबला. जमीन एका अंगाला झुकली की तो पाय रोवून उभा राही. झुकण्याचं गणित त्याच्या पायांना अर्ध्या तासात कळलं. आग पिवळी झाली, मग पांढरी. असली आग त्यानं गिरणीतही कधी धरली नव्हती. थोडा वेळ तो सगळं विसरला. चांगलं काम चांगलं असतं, ते कुठंही असो.

मग धक्का बसला.

आवाज कानांनी ऐकू आला नाही, दातांना कळला. तो गुडघ्यांवर पडला. उजेड गेला. भट्टीच्या दाराच्या फटीतली लाल रेघ तेवढी राहिली. घोट्याला पाणी लागलं. आधी कोमट, मग थंड. मग गुडघ्यापर्यंत. त्याचा डावा हात कशावर तरी आपटला. शिडी होती. चार बोटांत मावेल एवढी लोखंडी पायरी, वर जाणारी. त्यानं ती धरली.

वरून कोणी हाक मारली नाही. बदली कोणी आलं नव्हतं.

त्यानं शिडी सोडली. पाण्याखाली हात घालून फावडं शोधलं. कोळशाच्या ढिगाचा माथा अजून वर होता. तिथून फावडं भरलं आणि अंदाजानं दाराकडं फेकलं. आग फुत्कारली. परत भरलं. पाणी कमरेला आलं. परत. छातीला आलं. तोंडात गेलं, खारट होतं. फावडं आता उचलत नव्हतं, नुसतं ढकललं जात होतं. तरी ढकललं.

तेव्हा वर, फार वर, घंटा वाजली.

एक, दोन. थोडी थांबली. परत दोन. चार वाजले, पाळी संपली, की जहाजावर घंटेचे आठ टोले देतात हे रामलालला कोणी सांगितलं नव्हतं. त्या जहाजावर त्या दिवशीचे चार कधी वाजलेच नव्हते. परत दोन. घंटा देणाऱ्याच्या हातात जोर होता, घाई नव्हती. परत दोन. आठ.

रामलालनं फावडं सोडलं.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा ओसरीत ऊन उतरलं होतं. तो हनुवटीपर्यंत भिजलेला होता. भुवया जळल्या होत्या. चौकटीजवळ रुपीबाई उभी होती. खाटेवर हुस्नाबी बसली होती. जहीर तिला ऑटोतून घेऊन आला होता.

हुस्नाबीनं हात पुढं केले. रामलाल तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि त्यानं आपले दोन्ही तळवे तिच्या हातांत दिले. तिनं ते डोळ्यांजवळ नेले, फोडांवरून अंगठा फिरवला. फोड फुटून रक्त आलं होतं.

"फिटलं," ती म्हणाली.